‘आमचा ई. कोलाय निरुपद्रवी आहे’ म्हणणाऱ्या टीमसाठी

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका कॉलेजात बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पाच मुलं सिंथेटिक बायोलॉजीचा प्रकल्प करणार आहेत. बाटल्यांचं प्लास्टिक, म्हणजे पेट, तोडणाऱ्या एन्झाइमचा जीन ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत घालायचा आणि मिठी नदीतून आणलेल्या पाण्याच्या टबात तो जिवाणू काम करतो का ते बघायचं. जमलं तर आयजेम या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेला जायचं. त्यांच्या सरांचं म्हणणं असं की के-१२ जातीचा ई. कोलाय निरुपद्रवी असतो, बीएसएल-१ ला, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पातळीच्या लॅबकामाला, परवानगी वगैरे काही लागत नाही. मुलं विचारतात: हे खरं का? किल स्विच, म्हणजे जिवाणू बाहेर निसटला की त्याला मारणारा जीन, घातला तर पुरे ना? आणि गणपतीच्या सुट्टीत लॅब बंद असते, तेव्हा थोडं काम घरी केलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. घरच्या फ्रीजमध्ये मोदकाच्या सारणाशेजारी जिवाणूंचा ग्लिसरॉल स्टॉक ठेवायचा नाही. यावर चर्चा नको. बाकीच्या दोन प्रश्नांना वेळ लागेल.

मी २२ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतेय आणि गेली काही वर्षं दोन संस्थांच्या जैवसुरक्षा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. विद्यार्थ्यांच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात ते वाक्य असतंच: ‘वापरलेला जिवाणू निरुपद्रवी आहे.’ वाक्य खोटं नसतं. अडचण एवढीच, की त्या वाक्यापाशी मुलांचा विचार थांबलेला असतो.

के-१२ ची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. १९२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून हा जिवाणू वेगळा केला. तेव्हापासून शंभर वर्षं तो प्लेटवर आणि फ्लास्कमध्ये आयतं खाऊन जगतोय. या काळात त्याच्या अंगावरचं ओ-अँटिजेन हे साखरेच्या साखळ्यांचं आवरण गेलं आणि माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकायची ताकदही गेली. त्यातून निघालेला डीएच५अल्फा तर आणखी लाडावलेला. डीएनए दुरुस्त करायला लागणारा एक जीन त्यात मुद्दाम मोडलेला आहे, त्यामुळे अतिनील किरण लागले की तो पटापट मरतो. त्याच्यामुळे कुणाला हगवण लागेल अशी धास्ती मला नाही.

एक मात्र बघा. पेटेज हे पेट तोडणारं एन्झाइम भरपूर बनवायला तुम्ही बहुधा बीएल२१ वापराल. तो बी कुळातला आहे, के-१२ नव्हे. तोही तितकाच गरीब जिवाणू आहे, पण अर्जात ‘के-१२’ लिहून फ्रीझरमध्ये बीएल२१ ठेवलात तर समितीवरच्या माणसाला पहिल्या पानावरच कळतं की आपण काय वापरतोय हे मुलांनी तपासलेलं नाही.

आता ‘निरुपद्रवी’ या शब्दाकडे. तो गुण एकट्या जिवाणूचा नसतो, समोर कोण आहे यावरही ठरतो. शिकागो विद्यापीठात माल्कम कॅसाडबन नावाचे जनुकशास्त्रज्ञ होते. तुमच्या फ्रीझरमध्ये डीएच१०बी असेल तर त्याचं मूळ एमसी१०६१ या वाणात आहे, आणि त्यातलं ‘एमसी’ म्हणजे हेच कॅसाडबन. २००९ मध्ये ते प्लेगच्या जिवाणूच्या दुबळ्या केलेल्या वाणावर काम करत होते. त्या वाणाला शरीरातलं लोह नीट ओढून घेता येत नव्हतं आणि लोहाशिवाय त्याची वाढ होत नव्हती, म्हणून तो सुरक्षित मानला जाई. त्या सप्टेंबरात ते आजारी पडले आणि वारले. मागाहून कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार. त्यांना स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. जिवाणूत जी उणीव मुद्दाम ठेवली होती ती त्यांच्याच रक्ताने भरून काढली असावी, असं मानलं जातं.

प्लेगची ई. कोलायशी तुलना करत नाहीये, घाबरू नका. पण तुमच्या लॅबमध्ये कोणाला स्टिरॉइड चालू आहेत, कोणाची साखर वाढलेली आहे, कोणाला दिवस गेलेत, हे तुम्हाला माहीत नसतं आणि विचारायचा अधिकारही नसतो. म्हणून सगळ्यांत नाजूक माणूस शेजारीच उभा आहे असं धरून काम करायचं.

तो शेजारचा माणूस कोण असतो, हे मला एका पेनाने शिकवलं. नव्या मुलांना मी दरवर्षी एक खेळ खेळायला लावते. हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा प्लाझमिड (जिवाणूतलं डीएनएचं छोटं कडं), त्यावर ऍम्पिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा जीन, असा नेहमीचा प्रयोग मुलं आठवडाभर करतात. मग मी त्यांच्या हातात ओले स्वॅब देते आणि सांगते, लॅबमध्ये वाटेल तिथे फिरवून ऍम्पिसिलिनच्या प्लेटवर घासा. दुसऱ्या दिवशी निळ्या उजेडात प्लेट बघायच्या. (न चमकणाऱ्या कॉलन्याही उगवतात. त्या आपल्या नाहीत, त्या मुंबईच्या. ऍम्पिसिलिनला न जुमानणारे जिवाणू इथे आधीच किती आहेत, हाही एक धडा होतो.) पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, सिंकमध्ये सापडतील. सिंकमध्ये सापडलेच. इनक्युबेटरच्या मुठीवर, पिपेटच्या बटणावर, एका मुलाच्या मोबाइलच्या कव्हरवर, इथवर ठीक. पण सगळ्यांत दाट हिरवी प्लेट आली ती तापमानाच्या रजिस्टरला सुतळीने बांधलेल्या पेनाची.

ते पेन सर्वांत जास्त वेळ कोणाच्या हातात असतं? लॅबच्या मामांच्या, म्हणजे आमच्या मदतनिसांच्या. रोज सकाळ-संध्याकाळ तेच तापमान लिहितात, सही करतात. मुलांनी ग्लोव्हज घातले होते. ग्लोव्हज घातलेल्या हातानेच त्यांनी पेन उचललं, लिहिलं, ठेवलं, मग ग्लोव्हज काढून हात धुतले आणि कॅन्टीनला गेली. मामांनी ग्लोव्हज घातले नव्हते, कारण ते ‘प्रयोग करत’ नव्हते. सही करून ते बाहेर गेले आणि तळहातावर चुना-तंबाखू मळायला बसले.

तेव्हापासून प्रत्येक अर्जावर मी एकच प्रश्न विचारते: या कल्चरला, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंना, शेवटचा हात कोणाचा लागणार आहे? टीममधल्या कोणाचा, हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. प्लेट टाकणारा, फ्लास्क धुणारा, कचऱ्याची पिशवी जिन्यावरून खाली नेणारा, ही माणसं तुमच्या पोस्टरवर नसतात. त्यांनी तुमचा प्रयोग निवडलेला नाही आणि त्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंही नाही.

मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको खरं तर. १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्रयोगशाळा झाली, आजची हाफकिन संस्था. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. खापर फुटलं परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांचं काम गेलं. ठपका धुऊन निघायला १९०७ उजाडलं. तोवर पुढे आलं होतं की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. प्रयोगशाळेपासून शेकडो मैलांवर, शेवटच्या हाताशी. तिथे घाण बाहेरून बाटलीत गेली आणि आपल्याला आतली बाहेर जायची काळजी आहे, एवढाच फरक.

आता तुमच्या प्रकल्पाकडे येते. तुमच्या आराखड्यातली धोक्याची गोष्ट ई. कोलाय नाही. मिठीचं पाणी आहे.

ही गोष्ट पाचही जणांच्या लक्षात आली नाही याचं मला नवल वाटत नाही. फॉर्ममध्ये ‘वापरलेले जीव’ असा रकाना असतो आणि पाणी हा जीव नाही, म्हणून तिथे कोणी लिहीत नाही. मिठीत सांडपाणी येतं, गोठ्यांचं पाणी येतं, कारखान्यांचं येतं. त्यात साल्मोनेला असू शकतो, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ असू शकतो, काविळीचा ए विषाणू असू शकतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जिवाणू, असतो. गुडघाभर पाण्यातून चालत गेलेल्यांना महापालिका डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायला सांगते, ते उगाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या दिवसांत शहराने लेप्टो काय असतो ते पाहिलं आहे.

शिवाय असं पाणी नुसतं हाताळणं वेगळं आणि लॅबमध्ये आणून वाढवणं वेगळं. नदीत मिलिलिटरमागे दोन-चार असलेला एखादा जिवाणू तुम्ही पोषक मीडियात, ३७ अंशांवर, रात्रभर शेकरवर ठेवलात की सकाळी त्याचे अब्जावधी होतात. वर तुम्ही त्यात ऍम्पिसिलिन घालणार, कारण तुमचा प्लाझमिड टिकला पाहिजे. म्हणजे मिठीतले जे जिवाणू औषधाला मरतात ते मारून टाकायचे आणि जे मरत नाहीत त्यांना मोकळं रान द्यायचं. बीएसएल-१ च्या टेबलावर, नाव माहीत नसलेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या रोगजंतूंचं कल्चर तुम्ही आपल्या हाताने तयार केलेलं असेल, आणि फॉर्मवर लिहिलेलं असेल ‘निरुपद्रवी’. भरीला तुमच्या प्लाझमिडवरचा प्रतिकाराचा जीन. प्लाझमिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात. तुमचा प्लाझमिड स्वतःहून सहज जाणाऱ्यांतला नसला तरी टबातले नवे शेजारी त्याला हात देऊ शकतात, आणि मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए उचलणारे जिवाणूही असतात.

‘मग पाणी गाळून घेऊ,’ असं एका टीमने मला सुचवलं होतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने बहुतेक जिवाणू अडतात. लेप्टोस्पायरा अडेलच असं नाही, तो इतका बारीक आणि वळवळा असतो की त्यातून निसटतो. विषाणू तर निसटतातच. पाणी हवंच असेल तर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून घ्या. उकळल्याने रसायन थोडं बदलेल, ते अहवालात लिहा. त्याहून सोपं म्हणजे मिठीच्या पाण्याचा खारटपणा, पीएच, अमोनिया यांचे प्रकाशित झालेले आकडे घेऊन लॅबमध्ये तसं पाणी बनवा. परीक्षकांना ते जास्त आवडतं, कारण दुसऱ्या कुणालाही ते पुन्हा करून बघता येतं.

पण मला त्याच्याही मागे जायचं आहे. जिवंत पेशी पाण्यात सोडायची गरजच काय? पेट खाणारा मूळ जिवाणू, इडिओनेला साकाइएन्सिस, जपानमध्ये साकाई शहरातल्या बाटल्या रिसायकल करायच्या ठिकाणी सापडला, २०१६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याने पातळ पेट फिल्म ३० अंशांवर सहा आठवड्यांत जवळजवळ संपवली. पण ती फिल्म होती १.९ टक्के स्फटिकतेची, म्हणजे रेणूंची घट्ट रचना फारच कमी असलेली, मऊ. मिठीतल्या बाटलीचं प्लास्टिक ताणून कडक केलेलं असतं, त्याची स्फटिकता कितीतरी पटींनी जास्त, आणि तिथे हे एन्झाइम दात टेकवतं न टेकवतं. म्हणजे टबात बाटलीचा तुकडा टाकून तुम्ही महिनाभर थांबलात तर बहुतेक काहीच दिसणार नाही. तुमचा खरा प्रश्न एन्झाइमचा आहे. मग एन्झाइम बनवा, पेशी फोडा, प्रथिन शुद्ध करून घ्या आणि त्या बिनजीव द्रावणात फिल्म ठेवून पेट तुटल्यावर सुटणारं टेरेफ्थॅलिक आम्ल किती आहे ते मोजा. जिवंत जीव तुमच्या इनक्युबेटरमधून बाहेर पडतच नाही. अर्धी सुरक्षा अशी टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं असतानाच मिळते, मास्क आणि ग्लोव्हज नंतर येतात. कोणता जिवाणू, कोणता प्रतिकाराचा जीन, पेशी हवी की नुसतं प्रथिन, हे ठरलं की बाकीचं सोपं होतं.

(पेशी सॉनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, फोडणार असाल तर ती नळी बर्फात, झाकलेली, आणि सॉनिकेटर बंद पेटीत असू द्या. त्याने हवेत अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा उडतो. व्हॉर्टेक्स केल्या केल्या नळी उघडणं, पिपेटमधला शेवटचा थेंब फुर्रकन फुंकून टाकणं, भिजलेला लूप थेट ज्योतीत घालून चर्र करणं, ही त्याच घरातली मंडळी. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फुटल्याचा आवाज आला तर मशीन बंद करा आणि अर्धा तास झाकण उघडू नका.)

किल स्विचचं गणित करून बघा, मला सांगायचीही गरज पडणार नाही. अमेरिकेच्या एनआयएचच्या मार्गदर्शक सूचनांत चांगल्या जैविक बंधनाची, म्हणजे जिवाणूला लॅबबाहेर जगू न देण्याच्या व्यवस्थेची, मर्यादा धरली आहे ती १० कोटी पेशींत एकच निसटावी अशी. हे मोठ्या मोठ्या लॅबना जमवताना घाम फुटतो. आता तुमच्या रात्रभर वाढवलेल्या कल्चरमध्ये मिलिलिटरला साधारण १०० कोटी पेशी. पाच मिलिलिटरच्या एका साध्या नळीत ५०० कोटी. सर्वोत्तम स्विच धरला तरी ५० पेशी जिवंत राहिल्या, आणि त्या कोणत्या? ज्यांचा स्विच म्यूटेशनने मोडलाय त्याच. शिवाय विषाचा जीन बाळगणारी पेशी थोडी सावकाश वाढते, त्यामुळे पुन्हा पुन्हा सबकल्चर करत राहिलात की मोडका स्विच असलेल्या पेशी शर्यत जिंकतात. किल स्विच हा अभ्यासाचा सुंदर विषय आहे. तुम्ही तो जरूर बनवा, किती दिवसांनी मोडतो ते मोजा, स्पर्धेत मांडा. पण ऑटोक्लेव्हच्या जागी तो चालत नाही.

नदीत सोडायचं ‘पुढे कधीतरी’ म्हणून तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. आयजेमचा नियम स्पष्ट आहे, बदललेला जीव लॅबबाहेर न्यायचा नाही. आपल्याकडे कायदा त्याच्याही आधीपासून आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याखालचे जनुकीय बदल केलेल्या जीवांबद्दलचे नियम १९८९ चे. त्यातला नववा नियम मुद्दाम किंवा चुकून, दोन्ही तऱ्हेने असे जीव बाहेर सोडायला मनाई करतो, प्रयोगासाठीसुद्धा. खास बाब म्हणून परवानगी द्यायचा अधिकार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाखालच्या जीईएसी या समितीचा. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या स्युडोमोनासला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पेटंटचा हक्क मिळाला, जगभर गाजला, आणि प्रत्यक्ष समुद्रात तो कधी सोडला गेला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरलं, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी ‘मॅडम, तो जिवाणू कुठंय?’ असं विचारलं होतं. पेपरात आणि पेटंटमध्ये, असं सांगावं लागलं.

परवानगीचं आता सरळ सांगते. तुमच्या सरांनी ‘काही लागत नाही’ म्हटलं, ते ‘मंजुरीसाठी ताटकळावं लागत नाही’ या अर्थाने असेल तर ठीक. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगांचे तीन वर्ग आहेत. रोगकारक नसलेल्या जिवाणूतला, नीट ओळखीचा जीन बीएल२१ सारख्या नेहमीच्या यजमानात घालणं हे पहिल्या वर्गात बसतं. त्याला आधी मंजुरी लागत नाही, पण संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला, आयबीएससीला, प्रकल्पाचा उद्देश, आराखडा आणि वापरणार ते जीव कळवावे लागतात. हे काम तुमच्या सरांचं आहे, तुमचं नाही, तेव्हा त्यांच्या मागे लागा. मिठीच्या कच्च्या पाण्याचा टब मात्र मी पहिल्या वर्गात धरू देणार नाही, आणि दुसरा कुठला शहाणा सदस्यही देणार नाही. तुमच्या कॉलेजात अशी समितीच नसेल, तर जीन घालायचं काम जिथे ती आहे अशा संस्थेच्या लॅबमध्ये, तिथल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली करा. मुंबईत संशोधन संस्थांची वानवा नाही, आणि दोन-तीन महिन्यांसाठी मुलांना जागा देणारे लोक असतात. ईमेलला उत्तर आलं नाही तर प्रत्यक्ष जाऊन भेटा.

लॅबमधल्या दोन यंत्रांबद्दल मला बोलायचंच आहे, कारण त्यांच्यावरचा भरवसा सर्वांत आंधळा असतो.

एक म्हणजे ‘लॅमिनार’. बहुतेक कॉलेजांत जे लॅमिनार असतं त्यातली हवा मागून गाळून येते आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडली जाते. ते प्लेटला तुमच्यापासून वाचवतं, तुम्हाला प्लेटपासून नाही. टिश्यू कल्चरसाठी उत्तम. मिठीचं पाणी त्यात उघडलंत तर पंख्यासमोर बसून नदी हुंगल्यासारखं आहे. बायोसेफ्टी कॅबिनेट हे वेगळं यंत्र, वेगळ्या किमतीचं. आपल्या लॅबमध्ये कोणतं आहे हे न कळणाऱ्या शिक्षकांचे अर्जही मी वाचले आहेत.

दुसरं म्हणजे ऑटोक्लेव्ह. काटा १५ पौंडांवर गेला म्हणजे आत १२१ अंश झाले, असं सगळे धरून चालतात. ते खरं फक्त आतली हवा निघून गेली असेल तर. हवा अडकून राहिली की काटा तोच दाखवतो आणि तापमान खालीच राहतं. म्हणून वाफ धो धो यायला लागल्यावर काही मिनिटं झडप उघडी ठेवून मग बंद करायची. घरी कुकर लावणाऱ्या कोणालाही हे पटतं. डबा ठासून भरला की डाळ मध्ये कच्ची राहते, शिट्ट्या कितीही होवोत. कचऱ्याच्या पिशवीचं तेच. तोंड घट्ट बांधायचं नाही, पिशवी दोन-तृतीयांशच्या वर भरायची नाही, आत थोडं पाणी घालायचं. आणि मीडियाला लागतात ती १५-२० मिनिटं कचऱ्याला पुरत नाहीत, तासभर ठेवायचं. पिशवीवर लावलेली उष्णतेने रंग बदलणारी पट्टी काळी झाली म्हणजे पिशवीला बाहेरून उष्णता लागली, एवढंच कळतं. मधोमध काय झालं ते कळायला जिओबॅसिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी पिशवीच्या पोटात ठेवून मग वाढवून बघावी लागते. एका ठिकाणी आम्ही ही कुपी पहिल्यांदा ठेवली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पिवळी झाली, म्हणजे बीजाणू मजेत जिवंत. किती वर्षांचा कचरा तसाच गेला असेल याचा हिशोब कोणी केला नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही सूक्ष्मजीवांचा कचरा आधी जागेवरच निर्जंतुक करायची अट आहे, ती पिशवी उचलणाऱ्या माणसासाठीच.

ऑटोक्लेव्हमध्ये ब्लीच घातलेलं भांडं कधीही ठेवू नका, क्लोरीन सुटतो. ब्लीच रोजच्या रोज ताजं पातळ करा. मुंबईच्या उकाड्यात बनवून ठेवलेलं हायपोक्लोराइट आठवड्यात नुसतं वासाचं पाणी होतं. कल्चर सांडलं तर आधी कागद अंथरा, मग बाहेरून आत असं ब्लीच ओता आणि २०-३० मिनिटं हात लावू नका. काच चिमट्यानेच उचला. ७० टक्के अल्कोहोल पुसायला चांगलं, पण त्याची बाटली बर्नरशेजारी ठेवू नका. बीएसएल-१ च्या लॅबमध्ये माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या दुखापती जिवाणूंनी केलेल्या नाहीत. त्या केल्या अल्कोहोलच्या भडक्याने, मायक्रोवेव्हमधून काढल्यावर उसळलेल्या ऍगारोजने आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून चष्म्याशिवाय बघितलेल्या यूव्हीने. यूव्हीने डोळे लगेच दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखे खुपायला लागतात.

ऍप्रनचं काय करता? घडी करून डब्याच्या पिशवीत कोंबून घरी नेत असाल. सकाळच्या ८.१२ च्या डोंबिवली लोकलमध्ये ती पिशवी कोणाच्या मांडीला, कोणाच्या बाळाला लागते ते आठवा. मग घरी आई तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकते. ऍप्रन लॅबमध्ये ठेवा, आठवड्याला एकदा ऑटोक्लेव्ह करून मगच धुवायला न्या. आणि एक मुलगी मला अभिमानाने सांगत होती की दोन लॅबमध्ये प्लेट न्यायच्या म्हणून तिने स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा वापरला, त्यावर पॅराफिल्म ही ताणून चिकटणारी मेणाची पट्टी गुंडाळली. कल्पकतेला दाद दिली आणि डबा जप्त केला. न्यायचंच असेल तर घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कागद, त्यावर न फुटणारा दुसरा डबा, त्यावर बाहेरची पेटी, पेटीवर नाव-नंबर, आणि गर्दीच्या वेळेची लोकल सोडून. शक्य असेल तर जिवंत कल्चर नकोच, प्लाझमिडचा डीएनए कागदावर वाळवून न्या.

मामांना पहिल्या दिवशीच्या बैठकीला बसवा. ‘मामा, या लाल खुणेच्या फ्लास्कला आम्ही सांगेपर्यंत हात लावू नका’ हे त्यांच्यासमोर, मराठीत, खुर्चीवर बसवून सांगा. सगळ्या पाट्या इंग्रजीत आणि फ्लास्क धुणारा माणूस मराठी वाचणारा, हे मी फार ठिकाणी बघितलंय. त्यांनाही विचारा, त्यांना लॅबबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते. आमच्या ऑटोक्लेव्हचा गास्केट गळतोय हे आधी मामांच्याच लक्षात आलं होतं. त्यांनी वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

राहिली गणपतीची सुट्टी. सुट्टीआधी शेकर रिकामा करा, हव्या त्या प्लेट पॅराफिल्म लावून फ्रीजमध्ये, प्रत्येकीवर वाणाचं नाव, तारीख आणि टीममधल्या एकाचा मोबाइल नंबर, बाकी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. सुट्टीत कोणी यायचंच झालं तर एकट्याने नाही, दोघांनी, आणि सरांना माहीत असताना. ऑटोक्लेव्हची ही शेवटची फेरी शेवटच्या दिवशी लावू म्हणून ठेवू नका. मामा कोकणातले असतील तर चतुर्थीच्या दोन दिवस आधीच गाडीत बसलेले असतात.